खोलीचा आवाज

प्रिय फौजदार,

हे नाव लहानपणी तुला मीच ठेवलं होतं, म्हणून आज संतापातही तेच लिहिते. फोन केला की तू "मावशी, एडिटिंगला बसलेय, नंतर बोलते" म्हणतेस, आणि नंतर बोलते ती तुझी मदतनीस. म्हणून पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही, आणि कापाकापीत तू किती पटाईत झाली आहेस ते मी नुकतंच पाहिलं आहे.

तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हाच खरं म्हणजे लक्षण दिसलं होतं. टेबलावरचा दिवा फुटला, तर तू मला आणि कामवाल्या बाईला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबानी घेतली होतीस. "मला माहीत नाही" हे उत्तर तुला तेव्हाही चालायचं नाही. शेवटी ती बिचारी कंटाळून "मीच फोडला गं बाई" म्हणाली, आणि दिवा मांजरानं पाडला होता हे आपल्याला दोन दिवसांनी कळलं. पुढे वकिलीचा अभ्यास अर्धवट टाकलास, लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलंस, पाण्याच्या पंपाची जाहिरात केलीस. मला वाटलं, चला, मार्गाला लागली. तुझ्याबरोबरच्या मुली नद्यांवर, पाखरांवर माहितीपट करत होत्या. तुझा कॅमेरा मात्र कुणी मेल्याशिवाय चालूच होईना. त्या कुलूपवाल्यानं आपल्या भागीदाराला मारलं, त्यावर तू पहिला मोठा माहितीपट केलास. त्यात कुलूपवाल्याच्या बायकोला इतका वेळ रडताना दाखवलंस की मला खुर्चीत बसवेना. तरी टाळ्या मीही वाजवल्या. दुसऱ्याची बायको होती ना.

मग तू आपल्याच मजल्यावर आलीस. शेजारचे दातांचे डॉक्टर, त्यांची बायको गॅलरीतून पडून गेली ती गोष्ट. पोलिसांनी तेव्हाच अपघात म्हणून फाइल मिटवली होती. डॉक्टरांनी पुन्हा लग्न केलं नाही, मुलीला एकट्यानं वाढवलं, आणि तीही दातांचीच डॉक्टर झाली. बापलेकीचा एकच दवाखाना, दोन खुर्च्या, मधे हिरवा पडदा. तुझी पहिली दाढ त्याच दवाखान्यात भरली होती, तू त्यांच्या बोटाला चावलीही होतीस. त्या माणसानं तुझ्या कॅमेऱ्यासाठी घरातलं सामान स्वतः सरकवून दिलं. मुलीला तू सांगितलंस, "तुझ्या आईवर करतेय." आईवर! मला सांगितलंस, "मावशी, तू फक्त खरं बोल."

मी खरंच बोलले. तू विचारलंस, "त्या संध्याकाळी पलीकडून काही ऐकू आलं होतं?" मी तत्क्षणी म्हणाले, "नाही. काहीही नाही. खालून लोक ओरडले तेव्हा मला कळलं." पोलिसांना सांगितलं तेच, त्याच शब्दांत. आता तू तुझ्या त्या झगमगीत हॉलमध्ये काय दाखवलंस? तुझा प्रश्न. मग माझा चेहरा, पडदाभर, सगळ्या सुरकुत्यांसकट. मी गप्प. गप्पच. मग माझी नजर खाली जाते, मी आवंढा गिळते, आणि पडदा काळा. हॉलभर एक सुस्कारा उमटला. माझ्या मागचा माणूस बायकोला म्हणाला, "म्हातारीला सगळं माहीत आहे बघ." मागे वळून त्याची बिनपाण्यानं करणार होते, पण डोकं दुसरीकडेच अडकलं होतं. माझं "नाही" गेलं कुठे, हेच मला कळेना.

घरी येऊन डोकं शांत झाल्यावर उलगडलं. मुलाखत संपल्यावर तुझा तो कानाला डबे लावलेला ध्वनिवाला म्हणाला होता, "आजी, जागचं हलू नका. एक मिनिट सगळे गप्प. खोलीचा आवाज घ्यायचाय." मी म्हटलं, "खोलीला कसला आला आहे आवाज?" तो म्हणाला, "असतो. कापलेल्या तुकड्यांच्या मधे भरायला लागतो." मग मी गप्प बसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर "सायलेन्स" म्हणाल्या की पाठ ताठ, हात मांडीवर, नजर खाली. इतक्या वर्षांनीही दुसऱ्या कुठल्या प्रकारे गप्प बसायला मला येत नाही. आणि तू काय केलंस? कॅमेरा चालूच ठेवलास, आणि सिस्टरांनी लावलेली शिस्त माझा कबुलीजबाब म्हणून दाखवलीस. वर बक्षीस घेताना म्हणालीस की सत्य शब्दांच्या मधल्या जागेत असतं. अगं, त्या जागेत मी होते!

इथपर्यंत माझा राग अगदी स्वच्छ होता. चार शिव्या घालून पत्र इथेच संपवून टाकलं असतं. पण गोंधळ पुढे आहे, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? त्या मिनिटात मी खरोखर काय विचार करत होते, हे आठवायला बसले. बाई, मी ऐकत होते. आयुष्यभर वीज कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर काम केलं, ऐकणं हाच माझा धंदा. पंखा बंद, फ्रिज बंद, सगळे चिडीचूप, आणि भिंतीपलीकडून मला डॉक्टरांच्या घरातलं एकूण एक ऐकू येत होतं. कप ठेवल्याचा आवाज. खुर्ची सरकल्याचा. त्यांचं खाकरणं. आणि मला वाटलं, इतकं जर ऐकू येतं, तर त्या संध्याकाळी काहीच कसं आलं नाही?

आवंढा तिथे गिळला मी. म्हणजे तू खोटं दाखवलंस, आणि तरी चेहरा खोटा नव्हता. उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं, पण होतं त्याच संध्याकाळचं. आता काय समजायचं? भांडण ऐकू आलं नाही, म्हणजे भांडण झालंच नाही, माणूस निर्दोष. बरोबर? पण पाय घसरून पडणारी बाईसुद्धा ओरडते. तिचंही ओरडणं मी ऐकलं नाही. मग माझ्या घरातला नळ चालू होता का? मी पेंगले होते का? मला आता आठवतं की नळ चालू होता. पण ते खरंच आठवतं, की हवं म्हणून आठवतं? पोलिसांना मी नळाचं काही बोलले नव्हते, त्यांनी विचारलंही नव्हतं. डॉक्टर परवा जिन्यात भेटले. नेहमीसारखे बाजूला झाले आणि म्हणाले, "दाढ काय म्हणतेय, वहिनी?" इतकंच. हा निरपराध माणसाचा सभ्यपणा, की आणखी काही? पूर्वी मी फोनवरच्या माणसाच्या "हॅलो"वरून सांगायचे की फ्यूज त्यानंच उडवला आहे. आता मला काही म्हणजे काही सांगता येत नाही.

हे सगळं आज का लिहिते ते ऐक. तुझी फिल्म पाहून आल्यापासून त्यांची मुलगी माझ्याकडे राहते आहे, तुझ्याच जुन्या खोलीत. बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मला तुम्ही काही सांगायची गरज नाही. मी तुमचा चेहरा पाहिला." दवाखान्यातली तिची खुर्ची रिकामी आहे. बापाचा खोकला भिंतीतून आला की ती उशी कानावर घेते. मी तिला म्हटलं, "अगं, ते खोलीच्या आवाजाचं मिनिट होतं, मी 'नाही' म्हणाले होते." ती माझा हात थोपटून म्हणाली, "इतकी वर्षं घाबरून राहिलात, आता नका घाबरू." सोमवारी ती पोलिसांकडे बापाविरुद्ध जबाब द्यायला जाणार आहे, माझ्या चेहऱ्याच्या भरवशावर. कदाचित तिचं बरोबरही असेल. मला माहीत नाही, आणि तुला हे उत्तर चालत नसलं तरी माझ्याकडे दुसरं नाही. पण जायचं तर तिनं सगळं ऐकून जावं. म्हणून सोमवारच्या आत ये. न कापलेली मुलाखत घेऊन ये आणि तिच्या शेजारी बसून तिला दाखव, माझ्या "नाही"पासून त्या मिनिटाच्या शेवटापर्यंत. नळाचं मी स्वतः सांगेन. माझ्या तोंडच्या शब्दावर तिचा विश्वास नाही, फौजदार. तुझ्या पडद्यावर आहे.

तुझीच, घरात पाऊल टाकशील तेव्हा आधी बोलणी आणि मग चहा देणारी,
मावशी