पेचकसाला कळलेलं काळीज

१२ एप्रिल
काल नागपूरहून घरी आलो. जांघेतून नळी घालून काळजातल्या बिघडलेल्या जागा गोठवल्या. झालं काम! डॉक्टर म्हणे, तीन महिने ठोके अधूनमधून चुकतील, ते धरायचे नाही. त्यानंतरही चुकले तर रोग वापस आला समजा, काहींचा येते. म्हटलं साहेब, हे मले सांगता? इंजिनाचं बोरिंग केलेली गाडीही पहिले हजार किलोमीटर कुरकुर करते. पंचवीस वर्षं झाली, उमरखेडात गॅरेज चालवून राह्यलो.
रक्त पातळ करायची गोळी मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका म्हणे, गुठळी होऊन लकवा मारते. बायको गझाला लय मान डोलवत होती.
सासऱ्यानं लग्नात दिलेलं घड्याळ दवाखान्यात काढून ठेवलं होतं, ते पुन्हा उजव्या हातात बांधलं. डाव्या मनगटाले सायलेन्सरनं भाजल्याचा डाग हाय. बरं वाटलं.

३० एप्रिल
जिना चढताना छाती फडफडली. घाबरलो नाही. बसलो फक्त, घाम पुसत. रनिंगमध्ये हाय इंजिन.

९ मे
डोस्कं चाललं एकदाचं! इंजिनात काय वाजते ते ऐकायले मी लंबा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, इंजिनवर टेकवतो अन् त्याच्या मुठीले कान लावतो. टॅपेट हाय का बेअरिंग, लगेच कळते. सारं गाव माह्या कानावर भरवसा ठेवते. तेच स्वतःच्या छातीवर करून पाह्यलं. टिक, टिक, टिक. मिनिटाले बरोबर साठ! इतकं साफ तर कंपनीची नवी गाडीही वाजत नाही.

२३ मे
गाडीची चेन बसवताना बोट कापलं, रक्त काही थांबेना. गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या सीटवर डाग. गोळीचा प्रताप. पेचकस लावला, साठ. मग कायले खायची गोळी? गझाला रोज समोर उभी राहून देते. तोंडात धरतो अन् गॅरेजात जाऊन नटाखालच्या वायसरच्या डब्यात थुंकतो. एकदा आवाज बरोबर आला की ॲडजस्टमेंट करायची नसते, हा धंद्याचा नियम हाय.

२ जून
दिवसभर कोंबडीचं पिल्लू छातीत कोंडल्यासारखं. दम लागून राह्यला. ईदच्या बिर्याणीचा गॅस असन. पेचकस लावला, साठ. मग फडफडते कोण? पुन्हा लावला, साठ.

२८ जून
निलोफर, माही पोरगी, बारावीले हाय. माहं मनगट धरून बसली अन् म्हणे, अब्बा, ठोका उड्या मारून राह्यला. म्हटलं, मनगट म्हणजे सायलेन्सर, इंजिन वेगळं. ती हसली नाही.

१३ जुलै
तीन महिने भरले. परवा नागपूर, ईसीजी काढायले. पायऱ्या आता दोन टप्प्यांत चढतो, मजा म्हणून. भेव वाटून राह्यलं, पण पेचकस साठ सांगते. या अल्ला, कागदही तेच सांगू दे.

१५ जुलै
कागदावर रेघा नुसत्या उधळलेल्या. डॉक्टर म्हणे वापस आला. पुन्हा गोठवता येते, नाहीतर औषधावर राहा. गोळी चालू हाय ना, विचारलं. माह्याआधी गझालाच हो म्हणे. मी पेचकसाचं सांगितलं. डॉक्टर कागदाकडेच पाहत राह्यले.
घरी निलोफर म्हणे, दाखवा बरं. मी पेचकस छातीवर टेकवला, उजव्या हातानं मूठ कानाशी धरली. टिक, टिक. साठ, म्हटलं. तिनं माह्या मनगटावरचं घड्याळ सोडलं अन् माह्याच कानाले लावलं. टिक, टिक.
गिऱ्हाईकानं माह्यासारखी गाडी आणली असती तर म्हटलं असतं, चालवत कायले आणली, ढकलत आणायची होती.
दोघी आत गेल्यावर घड्याळाशिवाय पेचकस पुन्हा लावला. काहीच ऐकू आलं नाही.
गॅरेजातून वायसरचा डबा आणला अन् गझालाले हाक मारली.