पांढऱ्या पिशवीतलं जेवण

छत्रपती संभाजीनगर,
१८ नोव्हेंबर

आई,
पाया पडते. तू खुशाल असशीन असं लिहायचं असते, पण मी नाही लिहीत. आपला हर्षल काल दवाखान्यात भेटाले आला, त्यानं सारं सांगतलं मले. लेकीच्या पोटात घास नाही म्हणून तू भाकर सोडली, नुसत्या चहावर राहून राह्यली, अन् परवा वांगे तोडता तोडता वावरातच चक्कर येऊन पडली. फोन केला तं रडते अन् ठेवून देते. म्हणून हे लिहून हर्षलच्याच हाती देऊन राह्यली.

मी उपाशी नाही. गोजरमावशी धामणगावभर सांगते का पोरीले सलाइनवर ठेवलं. सलाइन नाही ते. दुधासारखी पांढरी पिशवी असते, तिच्यात तेल, साखर, प्रथिनं, जे भाकरीतून भेटते ते सारं. गळ्याखालच्या मोठ्या शिरेतून थेट रक्तात जाते. आतड्याले सूज आहे, जखमा आहेत, म्हणून त्याले सुट्टी देली. वजन वाढून राह्यलं माहं. सांग मावशीले.

मागं तू टावेलात गुंडाळून भरीत अन् कळण्याची भाकर आणली, सिस्टरनं धरली, तं तू तिच्याशीच भांडली, "लेकीले मारता का?" म्हणून. हसू आलं मले. पण त्या भरताचा वास दिवसभर नाकातून गेला नाही. खावंसं वाटते, आई. लय वाटते. तरी मी तोंडाले गप बसवलं आहे.

यंदा वांग्याले कीड तं नाही ना? बाबा फवारणीले तोंड बांधत नाहीत, त्यायले रागव.

बरं, लिहितेच आता. गुरुवारी ऑपरेशन आहे. आतड्याचा खराब तुकडा काढणार, अन् काही महिने शी जमा व्हाले पोटावर एक पिशवी राहीन. राहू दे. वडनेरचं स्थळ त्याच्यापायी मोडलं तं मोडू दे, मी काही त्यायच्यासाठी बरी होऊन नाही राह्यली. गुरुवारसाठीच मी अंगात ताकद भरून राह्यली, अन् तू तिकडे तुही घालवून राह्यली? काऊन? तुह्या उपासानं माहं आतडं भरत नाही. शुद्धीवर आली का मले तू समोर पाहिजे, दुसऱ्या खाटेवर नाही.

तं आजपासून असं. संध्याकाळी सिस्टर पिशवी लावते, तवा मी फोन लावीन. रडायचं नाही, ठेवायचं नाही. ताट घेऊन बसायचं. भाकर पुरी, चतकोर चालणार नाही. मायलेकी संगंच जेवू.

मी बसली. तू वाढून घे.

तुही, पोटभर जेवणारी,
अर्पिता