ऑफिसातले दादा

परभणी,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. अवधूत यास,
अनेक आशीर्वाद.

काल राखी बांधून घेऊन गेलास, तुझा डबा इथेच राहिला. आईचा गुडघा बरा आहे. योगिनीला सांग, तिच्या शेवया सगळ्यांना आवडल्या.

फोनवर तू हसून विषय बदलतोस आणि मी बदलू देते, म्हणून लिहिते आहे.

आज माझ्या इंग्रजीच्या वर्गात ऑफिसातल्या नात्यांचे शब्द घेतले. कलीग, सबॉर्डिनेट, सुपीरियर. आपल्याकडे ऑफिसात सगळेच दादा नि ताई, म्हणून पोरी गोंधळतात. प्रत्येकीला आपल्या ऑफिसातल्या माणसांवर चार वाक्यं लिहायला सांगितली. त्यात वालूरची निकिता होती. माझं आडनाव सासरचं, त्यामुळे तू माझा भाऊ हे तिला ठाऊक नव्हतं.

तिचं तिसरं वाक्य मी आधी लाल पेनाने दुरुस्त केलं, क्रियापद चुकलं होतं. मग त्याचा अर्थ कळला. "माझा सुपीरियर दार लावून माझा हात धरतो." चौथ्या वाक्यात तुझं नाव होतं, सेलूच्या ऑफिससकट.

मी पुढची वही घेतली.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी म्हणले, सर नको, दादा म्हण. परवा राखी बी बांधून घेतली. ज्यायला दादा म्हणते, त्यायची तक्रार कशी लिवू, मॅडम? सुपीरियर म्हणलं की लिवता येतंय."

ती राखी काल मी तुझ्या मनगटावर पाहिली. ऑफिसातल्या बहिणीची, म्हणालास. मला तुझं कौतुक वाटलं होतं, अवधूत. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडची सविता एकाएकी नोकरी सोडून गेली, तेव्हाही मी काही विचारलं नाही. त्याची मला आज लाज वाटते.

मी कोण ते निकिताला सांगितलं, तशी ती वही उचलून निघाली. मी दार सताड उघडं ठेवलं आणि म्हटलं, बस, आपण लिहू. बऱ्याच वेळाने बसली. उद्या ती अर्ज कंपनीच्या तक्रार समितीला देणार आहे. मी सोबत जाणार आहे. तिला फोन करू नकोस.

योगिनीला तूच सांग, माझ्याकडून कळायच्या आत. डबा न्यायला येऊ नकोस, पाठवून देईन. आणि हातातल्या राख्या सोड. तिचीही, माझीही.

पत्राखाली आजवर ताई लिहीत आले. आज नुसतं नाव लिहिते.

सुमंगला