दिव्यानीची हजेरी

सावली, २८ जुलै २०२०

ती. नागसेनमामांस,
साधनाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून दूधगाडीवाल्या कुलदीपच्या हाती हे पत्र. कॉलेज बंद, बारावीचं जीवशास्त्र मोबाइलवर शिकवते. बेचाळीस पोरं, सगळ्यांचे कॅमेरे बंद. समजलं का विचारलं की एकच अंगठा वर येतो, तुमच्या गावच्या दिव्यानीचा. एकही तास चुकवला नाही. तिला नर्स व्हायचंय, होणारच बघा. जरा घरी जाऊन तिची पाठ थोपटा, तेवढेच तुमचे पाय मोकळे होतील.

मामींना जयभीम. माया आहेच, ती वाढू द्यावी.
तुमची साधना

आंबेटोला, २ ऑगस्ट

चि. साधनास,
मामाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पाठ थोपटायला गेलो, तर पाण्याच्या टाकीखाली, रेंज मिळते तिथे, दिव्यानीची आई रुखमा फोन कानाशी धरून बसलेली. तिचा पाय मुरगळलाय, धानाच्या बांधीत, चिखलात उभं राहवत नाही. रोवणी सावडीवर चाललीय; आपण दुसऱ्याकडे रोवायला गेलो नाही तर आपल्याकडे कोण येणार? म्हणून पोरगी रोवणीला आणि माय तुझ्या वर्गात.

लपवाछपवी काही नाही. घरचं एक माणूस हजर पायजे, मंग माय काय नं पोरगी काय, असं तिनं मलाच समजावलं. सावडीत तसंच चालतं ना. आठवेल तेवढं ती संध्याकाळी पोरीला सांगते. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तू रागावू नकोस.

तब्येतीला जपून राहा.
मामा

सावली, ९ ऑगस्ट

ती. मामांस,
सविनय जयभीम.

खोटं कशाला बोलू, रागच आला. बाकीच्या एकेचाळीस नावांमागं तरी कोण बसलंय, या विचारानं डोकं फिरलं. हृदय शिकवता शिकवता मध्येच थांबले आणि सांगून टाकलं की उद्यापासून चेहरा दिसेल त्याचीच हजेरी. दुसऱ्या दिवशी सात चेहरे. बाकी नावंच गेली, दिव्यानीचंही.

कोणाचा कॅमेरा फुटका, कोणाला रेंज पुरत नाही, हे मला आधी सुचायला नको होतं? नियम मागे घेतला, निरोप टाकले. कोणी परतलं नाही. हजेरी नसेल तर परीक्षेचा फॉर्म नाही, असं प्राचार्यांनी बजावलंय. मामा, रुखमाबाईंना सांगा, मी हात जोडते. माय बसू दे, पोरगी बसू दे, पण बसा.

चुकलेल्या भाचीवर लोभ कमी करू नका.
साधना

आंबेटोला, १६ ऑगस्ट

चि. साधनास,
अनेक आशीर्वाद.

दोनदा जाऊन तुझा निरोप सांगून आलो. आपलं तोंड दिसलं तर पोरीचं नाव कापतील, या भीतीनं रुखमानं फोन पेटीत ठेवलाय. रोवणी संपली, पण दिव्यानीनं पुस्तकं बांधून ठेवली. नाव तर कापलंच असंल, आता काऊन शिकायचं, म्हणते. मी ओरडलो, समजावलंही.

निघताना रुखमा लंगडत माझ्यामागं फाटकापर्यंत आली. हृदयाचे चार कप्पे म्हणून बाईनं सांगितलं होतं, दोन झाले अन् वर्ग थांबला, तर मास्तर, बाकीचे दोन कोणते, असं विचारू लागली. मी जन्मभर मराठी शिकवलेली. बाकीचे दोन तेवढे लिहून पाठव, नेऊन देतो.

मामाची आठवण ठेव.
नागसेन