जुन्या डिस्कचा वेग वाढवण्याबाबत

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची जानेवारीतच बंद पडली, पण त्यात माझा दोष नाही. पेन चांगलं नव्हतं.

ठळक घटना: ही बहिणीकडे राहायला गेली. भांडण वगैरे काही नाही. भांडायला दोघं लागतात आणि मी तेव्हा उन्हाळी वेळापत्रकात गुंतलो होतो. म्हणाली, मला थोडा वेळ हवाय. वेळ हा तर माझाच विषय. सतरा वर्षं बस डेपोत वेळापत्रकं बसवतोय. थोडा म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही. मी आठवडा धरलाय. फार तर दहा दिवस, रविवार सोडून.

दारात विचारलं, घरातलं काही हवंय का? नको म्हणाली. म्हटलं, आईंच्या रेकॉर्डिंग्ज? जुन्या कॉम्प्युटरवर आहेत त्या? बॅग उचलता उचलता म्हणाली, बघ.

'बघ' म्हणजे हो. एवढं मला कळतं.

दुपार

प्लॅन तयार. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. शेवटचं वर्ष आमच्याकडे राहिल्या, तेव्हा आम्ही दोघांनी त्यांना बोलतं केलं आणि सगळं रेकॉर्ड केलं. कोणाचे फोन कोणाला लागायचे, कोण रडायचं, कोण उगाच 'हॅलो हॅलो' करत बसायचं. बाई रंगवून सांगायच्या. त्या गेल्या, आवाज राहिला. ही कधीकधी दार लावून ऐकायची. मी डिस्टर्ब करत नसे. नंतर नंतर कशातच डिस्टर्ब करत नसे.

नवीन पोर्टेबल डिस्क आणायची. जुन्यावरचं सगळं तिच्यावर घ्यायचं: रेकॉर्डिंग्ज, लग्नापासूनचे फोटो, सगळं. मग छान पॅक करून मेहुणीकडे हजर. ही डिस्क हातात घेईल, गहिवरेल. मी म्हणेन, त्यात काय एवढं. येताना बॅग मी उचलेन.

काम: एक संध्याकाळ.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

डिस्क आणली. निळी. दुकानदार म्हणाला काळी घ्या, मळत नाही. निळी तिला आवडते. म्हणजे आवडायची. आवडते.

कॉपी सुरू केली. स्क्रीनवर आकडा आला: सेकंदाला दोन एमबी. शिल्लक वेळ: दोन दिवस. मग चार दिवस. मग अकरा मिनिटं. मग तीन दिवस. असं वेळापत्रक मी डेपोत लावलं असतं तर लोकांनी मला स्टँडवर धुतलं असतं.

छे. हा वेग आपल्याला मान्य नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ

रजा टाकली. कारण: घरगुती. खरंच घरगुती आहे.

इंटरनेटवर वाचून रोगाचं निदान केलं. डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामध्ये कंट्रोलरचा ड्रायव्हर असतो. हा दुभाषा. याचं त्याला सांगायचं, त्याचं याला. डिस्क वाचताना चारसहा वेळा चुकली की सिस्टीमचा तिच्यावरचा विश्वास उडतो. मग सिस्टीम तिला सावकाश चालीत टाकते. चांगल्या दिवसांत डिस्क आपल्या हाताने जेवते. या चालीत प्रोसेसर तिला एकेक घास भरवत बसतो. आमची डिस्क भरवून घेत होती आणि आम्हाला पत्ताच नाही!

उपाय सोपा. ड्रायव्हर काढून टाकायचा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. सिस्टीम ड्रायव्हर नव्याने बसवते आणि आधीच्या सगळ्या चुका विसरते. एकदम विसरते. जणू काही झालंच नाही. माणसांच्या बाबतीत अशी सोय का करून ठेवली नाही, कळत नाही.

दुपार

अडतीस एमबी! सेकंदाला अडतीस! खुर्चीवरून उठून एकट्याने टाळ्या वाजवल्या. हिला फोन लावणार होतो, पण आत्ताच सांगून मजा घालवायची नाही.

थोड्या वेळाने

आतून टक टक आवाज. वेग पुन्हा दोन. किरकोळ अडचण.

ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. कॉपी पहिल्यापासून सुरू केली. सिस्टीमने विचारलं, आधी आलेलं तसंच ठेवू की त्यावर नव्याने घेऊ? म्हटलं, सगळं नव्याने. अर्धवट कामावर ठिगळ लावणारा माणूस मी नव्हे.

६ फेब्रुवारी, सकाळ

साडूचा फोन. हा कॉम्प्युटर लाइनमधला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणजे आपल्यापेक्षा लहानच, पण बोलणं असं की जणू याच्या मांडीवर बसून आपण मुळाक्षरं गिरवली. हिने त्याला काहीतरी सांगितलेलं दिसतंय.

टक टक आणि दोन एमबी कानावर घातल्यावर म्हणाला, डिस्कला हात लावू नका. टक टक म्हणजे डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. सिस्टीमने वेग कमी केलाय तो तिला सांभाळायला. दोनने चालतेय ना, चालू द्या. दोन दिवस लागू देत, चार लागू देत. आणि सगळ्यात आधी महत्त्वाचं तेवढं घ्या.

म्हटलं, बघतो.

इथे 'बघतो' म्हणजे नाही.

महत्त्वाचं आधी घ्यायचं म्हणजे बाकीचं राहील असं आपणच कबूल करायचं. आणि समजा फोटो राहिले आणि हिने विचारलं, तर काय सांगू? निवडले नाहीत म्हणून? सगळं एकदम न्यायचं, नाहीतर नेऊच नये.

शिवाय साडूचं ऐकून केलं तर श्रेय कोणाला? तो तिथे त्याच घरात, जेवणाच्या टेबलावर हिच्यासमोर बसतो. रोज.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

डेपोतून लवकर निघालो. साहेबांनी विचारलं, वहिनींची तब्येत? म्हटलं, उत्तम. गावाला गेलीय. गाव कुठलं ते विचारलं नाही, बरं झालं.

कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचा मूळ ड्रायव्हर एका जुन्या साइटवर सापडला. सिस्टीमसोबत येतो तो सरकारी, हा खास. मोठ्या हौसेने बसवला. कॉम्प्युटर सुरूच होईना. निळा पडदा, पांढरी अक्षरं. सगळं उलटं करून पूर्वपदावर आणेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. नाहीतरी जेवायला काही नव्हतं.

उद्या नक्की.

८ फेब्रुवारी, रविवार

हिचा फोन आला! स्वतःहून!

विजेचं बिल कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते सांगायला. पण ते निमित्त. मग माझं काय चाललंय विचारलं. मी सगळं सांगितलं: दुभाषा, एकेक घास, दोन एमबी, अडतीस एमबी, निळा पडदा. भरपूर बोललो. बऱ्याच दिवसांत आमचं इतकं मनमोकळं बोलणं झालं नव्हतं. ही मधेमधे 'हं' म्हणत होती.

शेवटी म्हणाली, राहू दे ना ते. माझ्या तब्येतीची काळजी, दुसरं काय! म्हटलं, असं कसं, तुझ्या आईचा आवाज आहे तो, मी आणून देणारच. त्यावर ती बराच वेळ गप्प. भरून आलं असणार. मग म्हणाली, ठेवते.

फोन ठेवल्यावर आठवलं, ती कशी आहे ते विचारायचं राहिलं. पुढच्या वेळी पहिलं वाक्य तेच. लिहून ठेवतो: तू कशी आहेस.

१० फेब्रुवारी, दुपार

पुन्हा रजा. साहेब कुरकुरले. कुरकुरू देत.

आज शेवटचा निर्णायक प्रयत्न. सिस्टीमच्या सेटिंगमध्ये एक जागा आहे, तिथे आकडा बदलला की चुका झाल्या तरी ती वेग कमीच करत नाही. तिला कमी करू द्यायचंच नाही! हे आधी सुचायला हवं होतं. लगाम काढला.

चाळीस. एकेचाळीस. वेळापत्रकांचा फोल्डर झाला. तो पहिला आहे, कारण मी त्याच्या नावापुढे 'अअ' लावून ठेवलंय. कामाच्या वस्तू वर असाव्यात. मग फोटोंचा फोल्डर सुरू झाला. कॉपीच्या आधी नुसत्या नावांची यादी झरझर पळत होती. लग्न. पहिलं घर. गच्ची. हिचा हात प्लास्टरमध्ये होता ते वर्ष. पळता पळता थांबली. टक. टक. टक.

वेग कमी करायची तर तिला बंदी होती. म्हणून कमी झाला नाही. शून्य झाला.

संध्याकाळ

कॉम्प्युटर म्हणतोय, अशी कुठली डिस्क जोडलेलीच नाही.

केबल बदलली. ड्रायव्हर काढला, घातला. डिस्क हातात धरून कानाला लावली. बाहेर काढून पंख्याखाली ठेवली. थोडी गरम होती. मग गार झाली.

निळ्या डिस्कवर काय आलंय ते पाहिलं. सतरा वर्षांची बसची वेळापत्रकं. संपूर्ण. एकही फाइल खराब नाही. दर वेळी पहिल्यापासून सुरू करत होतो, दर वेळी तीच आधी येत होती. पुढचं काही आलंच नाही. अर्धवट आलेला एक फोटो आहे, त्यात वरची पट्टी दिसते. आकाश आहे.

मी काय करून बसलो. तिच्या आईचा आवाज होता. मेलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा मारलं, आणि कशासाठी, तर सावकाश चाललेलं बघवत नव्हतं म्हणून. एवढं एकच मागितलं होतं तिने.

११ फेब्रुवारी

डेपोत गेलो. कामात लक्ष नाही. एकाच बसला एकाच वेळी दोन फेऱ्यांवर पाठवलं.

हिला सांगायचंय. फोनवर नको, समक्ष. पण आज नको, आज ढग आहेत.

१२ फेब्रुवारी

आज गुरुवार. गुरुवारी तिला कामावरून यायला उशीर होतो. दमलेली असेल. उद्या.

दुकानात वेगळ्या प्रकारचे ड्रायव्हर्स मिळतात का, ते विचारून आलो. दुकानदार म्हणाला, साहेब, ड्रायव्हर काय करणार, गाडीच नाही.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

गेलो. निळी डिस्क खिशात. कशाला घेतली, माहीत नाही.

मेहुणीने दार उघडलं, पाणी दिलं, आणि नवऱ्याला घेऊन आत गेली. साडू जाताना काही बोलला नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

ही समोर बसली. केस कापलेत. चांगले दिसतात. मी ते बोललो नाही. 'तू कशी आहेस' हेही नाही. एकदम म्हटलं, गेली. डिस्क गेली. आईंचा आवाज गेला. माझ्या हातून गेला. मला कळत होतं आणि तरी मी थांबलो नाही. बोलताना रडू आलं, आणि मी आवरलं नाही.

ती उठून शेजारी बसली. म्हणाली, अरे, आवाज आहे माझ्याकडे.

काय?

म्हणाली, मी मागच्याच वर्षी कॉपी करून घेतल्या. डिस्क तेव्हाही हळूच होती. सुरू करून ठेवायचे आणि कामावर जायचे. तीन दिवस चाललं होतं. तू शेजारच्याच खोलीत असायचास.

मग मी विचारलं तेव्हा 'बघ' का म्हणालीस?

म्हणाली, तू दारात तसा उभा होतास. तुला काहीतरी करायचं होतं. नाही म्हणवेना.

म्हणजे मागच्या वर्षी. मागच्या वर्षीच ती आपलं सामान बांधत होती, एकेक फाइल, सावकाश, माझ्या भिंतीपलीकडे. मला वाटलं होतं, ही गोष्ट तीन फेब्रुवारीला सुरू झाली.

मी विचारलं, आणि आपले फोटो? तेही घेतलेस ना?

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. म्हणाली, ते तुझ्याकडे राहू दे म्हटलं.

मग तिने विचारलं, आईच्या रेकॉर्डिंग्ज हव्यात का तुला? तुझंही खूप जमायचं तिच्याशी. मी त्या एकाकडून साफ करून घेतल्यात, मागचा आवाज वगैरे काढून. आता छान ऐकू येतात.

हो म्हटलं. माझ्या खिशातल्याच डिस्कवर घालून दिल्या. तिच्या कॉम्प्युटरवर मिनिटभरात झालं. मी वेग विचारला नाही.

दारात म्हणालो, आणखी किती वेळ लागेल तुला? म्हणाली, मी परत येणार नाहीये रे. तुला माहीत आहे. म्हटलं, हो.

माहीत नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

रेकॉर्डिंग्ज लावल्या. खरंच छान झाल्यात. पंख्याची घरघर नाही, रस्ता नाही. फक्त सासूबाई, आणि मधूनमधून ही विचारते, मग काय झालं आई?

मीही त्याच खोलीत असायचो. माईक माझ्याच हातात असायचा आणि मी सारखा मधे बोलायचो. आता माझा आवाज कुठेच नाही. कुठल्याच फाइलमध्ये नाही. मागचा आवाज म्हणून गेला असणार. माणसाने ऐकून काढला की मशीनने, ते विचारणार नाही.

एका ठिकाणी सासूबाई बोलता बोलता थांबतात. थोडा वेळ शांत. मग एकदम म्हणतात, अहो जावईबापू, तुम्ही म्हणजे अगदी कमाल आहात! आणि हसत सुटतात. हीसुद्धा हसते. पोट धरून, ठसका लागेपर्यंत हसते.

ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. दोघी हसताहेत त्याअर्थी मी काहीतरी फार चांगलं बोललो असणार. काय बोललो होतो, ते मला आठवत नाही.