चतुराचा पंख

रविवार, १२ जानेवारी
भर दुपार

ती. ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमच्या गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. व्यायाम सोडू नका, कितीही कंटाळा आला तरी. आम्ही दोघंही ठीक आहोत. थंडी बरीच आहे, खिडक्यांच्या फटींत कागद कोंबलेत. बाहेरच्या खोलीतलं मोठं टेबल मात्र मध्ये कित्येक दिवस जेवायला मिळालं नाही, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. कारण तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमचा भाऊ.

मागच्या खेपेला निघताना तुम्ही मला दारात बाजूला घेऊन विचारलं होतंत, हा एका पत्र्याच्या डब्याला रंग द्यायला एवढा खर्च करतोय आणि तू त्याला काहीच कशी बोलत नाहीस? मी हसून तुमच्या हातात छत्री दिली आणि विषय टाळला. आज उत्तर लिहायला बसलेय, कारण आज मी फार खुशीत आहे आणि कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आधी बातमी घ्या: त्या डब्याचा पहिला नंबर आला.

आता पहिल्यापासून सांगते. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून आलेला माणूस संध्याकाळी पाय वर करून बसेल, तर ते नाही. हे हातपाय धुतात आणि कॉम्प्युटर उघडून बसतात. इतकी वर्षं ते सुटे भाग जोडून स्वतःचं मशीन बनवतात, पण अशाच हौशी लोकांच्या वार्षिक प्रदर्शनात यांच्या कॉम्प्युटरच्या काळ्या कॅबिनेटपाशी कुणी थांबलं नाही. या वर्षी यांनी मनावर घेतलं. एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीच्या खिडकीत यांना एक मेलेला चतुर सापडला. तो काड्यापेटीत घालून घरी आणला आणि म्हणाले, कॅबिनेटच्या एका बाजूवर याचा पंख हवा, पुरा, एकेका शिरेसकट.

मी विचारलंच होतं ताई, रंग दिल्यावर ते मशीन जास्त पळणार आहे का. नाही म्हणाले. गरम कमी होईल? नाही. उलट रंगाचा थर स्क्रूच्या भोकांत गेला तर ती खरवडत बसावी लागतील, आणि एक ओरखडा उठला की जीव तळमळेल तो वेगळाच. मग कशासाठी? तर म्हणे, "आतलं सगळं मी दर दोन-चार वर्षांनी बदलतो. हे एकच राहणार. रोज डोळ्यांसमोर असणार." यावर काय बोलणार? पैसे त्यांनी जादा पाळ्या करून बाजूला टाकले होते.

टायरच्या दुकानामागे एक जण मोटरसायकलच्या टाक्या रंगवतो. त्याला सगळे टाकीवालाच म्हणतात. त्याच्याकडे काम दिलं. त्याने खालचा रंग असा दिला की उभं राहून पाहिलं तर हिरवा आणि जरा वाकलं की निळा. मी तीन-तीनदा वाकून पाहिलं. पण पुढे शिरांचं काम आलं आणि सगळं अडलं. स्टेन्सिल कापून एअरब्रशने ओढलेल्या रेषा तारेच्या कुंपणासारख्या जाड दिसायला लागल्या. टाकीवाला माणूस सच्चा. त्याने त्या रेषा स्वतः पुसून काढल्या, त्यांचे पैसे घेतले नाहीत आणि सरळ सांगितलं की हे माझ्या हातचं नाही, हे एका केसाच्या ब्रशचं काम आहे, तसा कुणी भेटला तर बघा.

हे कॅबिनेट घेऊन घरी आले. टेबलावर ठेवलं आणि आंघोळीला गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तीस वर्षांच्या संसारात इतकं ठरवून न पाहणं मी पहिल्यांदा पाहिलं.

ताई, आता ते सांगते जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी लॅब सोडली तेव्हा तुम्ही फोन केला होतात आणि मी म्हणाले होते, कंटाळा आला, पुरे झालं. तुम्हीही म्हणालात, बरं केलंस, आराम कर. कंटाळा मुळीच आला नव्हता. इतकी वर्षं मी लोकांसाठी खोटे डोळे रंगवले, एकेका बुबुळातल्या शंभर रेघा, आणि एक दिवसही मला घड्याळाकडे पाहावंसं वाटलं नाही. पण जिन्यावरून पडून मनगट मोडलं, त्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर हात थरथरायला लागला. थोडासाच. कप उचलताना कुणाच्या लक्षात येणार नाही इतका. बुबुळात मात्र तेवढाही दिसतो. एका मुलीसाठी केलेला डोळा परत आला. तिची आई रागावली नाही, उलट फार हळू आवाजात म्हणाली की दोन्ही डोळे एका माणसाचे वाटत नाहीत. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. ब्रश कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकले, जिथे माझा हात पोचत नाही. यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. पण एका छताखाली राहणाऱ्या माणसाला सांगावं लागतं थोडंच.

हे आंघोळ करून आले तेव्हा मी स्टुलावर चढून कप्पा धुंडाळत होते. यांनी स्टूल धरलं. एवढंच.

पहिली शीर वाकडी आली. दुसरी त्याहून वाकडी. मी पुसल्या आणि रडले, खोटं कशाला सांगू. हे शेजारी बसून नुसते पाहत होते. मग म्हणाले, "हात कापत नाहीये. मनगट अधांतरी राहिलं की कापतं. टेकलं की थांबतं." लिफ्ट का हादरते ते शोधणारा माणूस, माझं मनगटही त्याने तसंच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाकडाची एक बुटकी घोडी करून आणली, वर मऊ कापड लावलेली. ती कॅबिनेटवर आडवी ठेवायची, त्यावर मनगट टेकायचं आणि फक्त बोटं चालवायची.

ताई, रेघ सरळ गेली. केसाएवढी बारीक, आणि सुरुवातीपासून टोकापर्यंत एकसारखी. मी पुढची ओढली, मग त्याच्या पुढची. रोज सकाळी खिडकीतून उजेड आला की बसायची आणि उजेड उतरला की उठायची. चतुराच्या पंखात किती खिडक्या असतात ठाऊक आहे? मी सगळ्या काढल्या. डाळ दोनदा करपली, यांनी मुकाट्याने खाल्ली.

वरचा चकाकीचा थर द्यायला आम्ही दोघं टाकीवाल्याकडे गेलो. त्याने कंप्रेसर बंद केला, कॅबिनेट दारापाशी उजेडात नेलं आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, यावर फवारा मारायचा म्हणजे आता माझा हात कापणार." मी इतकी हसले की शेवटी खाली बसावं लागलं. तो बिचारा गोंधळला. त्याला काय माहीत.

प्रदर्शनात आमच्यापेक्षा वेगवान मशीनं पुष्कळ होती. शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थाने ऐकू जाईल असं म्हटलंही, की रंगरंगोटीवर घालवलेल्या पैशांत याला चांगलं ग्राफिक्स कार्ड आलं असतं. हे म्हणाले, हो, आलं असतं. आणि पंखावरची धूळ पुसत राहिले. पण दुपारपर्यंत त्या गृहस्थांची बायको आमच्याच टेबलापाशी उभी होती आणि मागे रांग होती. हॉलमध्ये नाव पुकारलं तेव्हा हे जागचे हलेनात. मला पुढे ढकललं. मी व्यासपीठावर गेले. माइकवर विचारलं, हे कुणी रंगवलं? मी म्हटलं, मी. एका शब्दाचं भाषण, पण ते देताना माझी मान ताठ होती.

खरी बातमी याच्याही पुढे आहे. मी ती लाकडी घोडी पिशवीत घातली आणि लॅबमध्ये गेले. लॅब चालवणाऱ्या बाईंना सगळं खरं सांगितलं आणि एक डोळा करून पाहू द्या म्हटलं. एका वयस्क शिक्षकांसाठी होता, तपकिरी, कडेला मधासारखा पिवळा. परवा तो बसवला. त्यांची नात समोर उभी केली आणि विचारलं, आजोबांचा नवा डोळा कुठला? तिने नीट निरखून पाहिलं, आणि बोट ठेवलं ते खऱ्या डोळ्यावर. शिक्षक मोठ्याने हसले, बाई हसल्या, आणि मी बाहेर जाऊन यांना फोन लावला. आवाज फुटेना. हे म्हणाले, कळलं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कॉम्प्युटरला विचाराल तर तो खर्च अगदी फुकट गेला, तो तसूभरही जोरात चालत नाही. हौस आहे आणि ऐपत आहे त्याने रंगवावं, नाही त्याने काळ्या डब्यात समाधान मानावं, बिघडत काही नाही. आमच्या घरापुरतं विचाराल तर तुमच्या भावाने आयुष्यात याहून शहाणा खर्च केलेला नाही. त्याला रागावू नका. रागावायचंच असेल तर माझ्यावर रागवा, इतके दिवस तुमच्याशी खोटं बोलले म्हणून, पण ते इथे येऊन. टेबल आता रिकामं आहे.

पुरे करते. सकाळी लवकर निघायचंय, एका तरुण मुलासाठी निळसर राखाडी डोळ्याचं काम आलंय, अवघड आहे, आणि मला कधी एकदा सकाळ होतेय असं झालंय.

तुमची भावजय,
पुन्हा कामावर रुजू