तोमासाची खुर्ची

३ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची मोंपोसला! घर नदीकाठच्या गल्लीत, मागे अंगणात आंबा, आणि माझी खोली बाईंच्या खोलीला लागूनच. एर्सिलियाबाईंचे पाय साथ देत नाहीत, पण जीभ चांगली तिखट आहे. मी नूरिस म्हटल्यावर म्हणाल्या, नाव बरंय, हात कसे आहेत ते बघू. त्यांची मुलगी मार्बेलताई बारांकियाला असते. तिनेच मला ठेवलं. गोळ्या कधी, आंघोळ कशी, बाईंच्या नकळत कॉफीतली साखर किती कमी करायची, सगळं समजावून गेली.

संध्याकाळी गल्लीतले सगळे दारात डोलखुर्च्या टाकून बसतात. आमच्या दारात दोन. मी दुसरीवर टेकणार, तेवढ्यात बाई कडाडल्या, ती तोमासाची! मला स्टूल मिळालं. असू दे, पहिलाच दिवस आहे.

१९ फेब्रुवारी

तोमासा म्हणजे माझ्याआधीची. उभा जन्म बाईंच्या सेवेत काढला आणि नाताळच्या आधी वारली. वारली कसली, घरभर पसरलीय! कांदा बारीक चीर, तोमासा चिरायची. वेणी सैल झाली, तोमासाने घातलेली दिवसभर हलत नसे. तोमासाने मारलेली गाठ तर कुणाच्या बापाला सुटत नसे म्हणे. आज मी केलेला नारळाचा भात बाईंनी मिटक्या मारत खाल्ला, आणि वर काय, तर तोमासाच्या हाताची चव नाही. पाय मी चोळायचे, उशाशी मी बसायचं, आणि माया सगळी त्या मेलीवर!

मला काही नको. एकदाच बाईंनी म्हणावं, नूरिस, बस त्या खुर्चीत.

६ मार्च

काल सकाळी बाईंना धाप लागली. शेजारच्या कार्मेलीनाच्या मुलाच्या गाडीतून इस्पितळात नेलं. भरवणं, पुसणं, कपडे बदलणं हे तिथे सोबतीच्या माणसानेच करायचं असतं, आणि सोबतीचा पास रोज सकाळी फाटकावर एकालाच मिळतो. मार्बेलताईने फोनवर बजावलं, दिवसभर आईजवळ बस, येताना तिचे कपडे आण, धू, आणि खुर्च्या तेवढ्या बांधायला विसरू नकोस.

ते सांगायला नको. घरातलं माणूस इस्पितळात असताना रिकामी खुर्ची डोलू द्यायची नाही. डोलली की कुणीतरी बसायला येतं. माझी आईसुद्धा बांधायची.

बाईंची खुर्ची मी फडक्याने बांधली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. तोमासाचीही बांधणार होते. पण दुपारचं आठवलं. ग्लानीत बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तोमासा, सोडू नकोस गं मला. हात माझा होता हो! डोकंच फिरलं. हाणली लाथ त्या खुर्चीला. म्हटलं, जा, बोलाव तिला, तीच हवीय ना! मग तिला तशीच डोलत सोडून कपडे धुवायला गेले.

७ मार्च

फाटकावरच अडवलं. वॉचमन म्हणाला, त्या बाईंची सोबतीण केव्हाच वर गेली, पास तिच्याकडे आहे. नाव विचारलं, तर म्हणे नूरिस. मी भांडभांड भांडले. नर्स खाली आली आणि मलाच झापलं, इतकी चांगली मुलगी आहे ती, आजीबाईंनी तिच्या हातून वाटीभर सूप घेतलं.

रस्त्यावरून खिडकीत पाहिलं. बाई उठून बसल्या होत्या. घट्ट वेणी. हसत होत्या. माझ्याशी एकदाही अशा हसल्या नाहीत. इतकं जळलं माझं आत, की घाबरायचंसुद्धा राहून गेलं.

८ मार्च

कार्मेलीनाला सांगितलं. वेणीचं ऐकून तिने छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाली, ती खुर्ची आधी बांध, पोरी. बांधायला गेले, तर बैठक ऊबदार. माझी गाठ टिकेना. तीनदा मारली, तीनदा सुटली.

मग सुचलं. रिकामी असेल तर बोलावते ना? मग रिकामी ठेवायचीच नाही. मीच बसते. बसायचा हक्क आता माझाच आहे.

९ मार्च

बसले. काय सुख आहे! वही मांडीवर घेऊन लिहितेय.

कार्मेलीना मला हाका मारत आली. ओ दिली, तरी घरभर शोधून परत फिरली. जाताना खुर्चीकडे पाहिलं, किंचाळली, पळाली.

उठायला जमत नाहीये. पाय जमिनीला लागतात, पण —

१० मार्च

गाडी थांबली. बाई आल्या! चालत! एका बाजूला मार्बेलताई. दुसऱ्या बाजूला ती. अंगात माझा निळा झगा. ताईने मला पाहिलंय, तरी तिलाच नूरिस म्हणतेय.

मी ओरडले. कुणीच —

बाई तिचा हात कुरवाळतायत. म्हणाल्या, नूरिस, पोरी, तोमासापेक्षा तूच गं माझी. ज्या शब्दासाठी मी — तो तिला —

ताईचं लक्ष गेलं इकडे. म्हणाली, अगं नूरिस, ही खुर्ची मोकळी कशी, बघ कशी डोलतेय. ती हसली. म्हणाली, आत्ता बांधते, ताई.

फडकं घेऊन येतेय. बाई, मी इथे आहे — बाई, बघा ना, खुर्ची रिकामी नाही, मी बसलेय — भिंतीकडे नको — ताई, तिला गाठ मारू देऊ नका, तिची गाठ सु